काचनळी आणि तिच्यानंतर
कामोत्तेजना मोजणाऱ्या यंत्राचा इतिहास शोधू गेल्यास त्याचा एक मोठा दुवा ज्ञानलालसेत न सापडता लष्करी दप्तरात सापडतो, ही गोष्ट या विद्येच्या अभ्यासकाने कधीही दृष्टीआड होऊ देऊ नये. १९५०च्या दशकात साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात तरुणांवर लष्करी नोकरीची सक्ती होती, आणि ती चुकविण्यासाठी जे आपण समलिंगी असल्याचे सांगत, त्यांची जबानी खरी की बनावट याची खातरजमा सरकारला हवी होती. ते काम प्रागमधील मनोविकारतज्ज्ञ कुर्ट फ्रॉइंड यांच्याकडे आले. (मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड ते हे नव्हेत.) त्यांच्या यंत्राची रचना साधी होती: शिश्नावर काचेची नळी बसवावयाची, तिचे तोंड फुगणाऱ्या कड्याने हवाबंद करावयाचे, समोर स्त्रीपुरुषांची नग्न चित्रे एकामागून एक दाखवावयाची, आणि आकारमान वाढून नळीतील जी हवा बाहेर ढकलली जाई तिची नोंद घ्यावयाची.

याच काळात फ्रॉइंड समलिंगी पुरुषांवर उपचारही करीत. वांतिकारक औषध द्यावयाचे आणि मळमळ सुरू झाली की पुरुषांची चित्रे दाखवावयाची, म्हणजे त्या आकर्षणाचा वीट येईल, असा त्यामागचा होरा होता. ही रीत क्रूर होती. परंतु या मनुष्याचा थोरपणा असा की, रुग्णांचा पुढे दीर्घकाळ मागोवा घेतल्यावर टिकाऊ पालट जवळजवळ कोठेच दिसत नाही हे त्यांनी उघडपणे मान्य केले, तो मार्ग सोडला, आणि समलैंगिकतेला गुन्हा मानू नये या मागणीस आपले वजन दिले. १९६१च्या दंडसंहितेत प्रौढांच्या संमतीने होणारे असे संबंध गुन्ह्यांतून वगळले गेले.

१९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि फ्रॉइंड कॅनडास निघून गेले. त्याच वर्षी अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर चढविण्याचा, छताला टांगलेला दर्शक, म्हणजे आजच्या आभासी वास्तवाच्या चष्म्याचा पूर्वज, जगापुढे मांडला. पुढे अनेक वर्षांनी हे दोन प्रवाह कॅनडातच, माँट्रियलच्या फिलिप-पिनेल या न्यायवैद्यक मनोरुग्णालयात, लैंगिक गुन्हेगारांच्या तपासणीसाठी, एकत्र आले. आभासी वास्तवातील व्यक्ती संगणकाने घडविलेल्या असल्यामुळे कोणा जिवंत मनुष्याचे, विशेषतः बालकाचे, छायाचित्र वापरण्याचा प्रसंगच उरला नाही. शिवाय पाहणाऱ्याची दृष्टी कोठे स्थिरावली आणि कोठून हटली हेही टिपता येऊ लागले. तथापि अशा ठिकाणी तपासला जाणारा मनुष्य बहुधा न्यायालयाच्या वाटेने आलेला असतो, आणि तेथील संमतीचे मोल मला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे.

काचनळीला आकारमान कळे. लज्जा, किळस, भय यांविषयी ती मुकीच होती. अलीकडे आभासी वास्तवाचे तंत्र, शरीरसंबंधाच्या नुसत्या कल्पनेनेही ज्यांना धास्ती किंवा शिसारी वाटते अशा स्त्रीपुरुषांसाठी योजले जाऊ लागले आहे, आणि त्यात मला या विद्येचे खरे प्रयोजन दिसते. तेथे प्रसंग सौम्य ठेवून क्रमाक्रमाने वाढविता येतो, नको वाटल्यास चष्मा उतरवून ठेवण्याची मुभा असते, आणि हृदयाचे ठोके व त्वचेवरील घाम यांच्या आकड्यांसोबत त्या व्यक्तीला स्वतःला काय वाटले हेही तिला विचारून लिहून घेतले जाते.