आभाळातली तीन दगडांची चूल

ग्वाटेमालाच्या डोंगराळ मुलखात किचे माया लोकांची वस्ती आहे. त्यांची जुनी चूल म्हणजे जमिनीवर मांडलेले तीन दगड. त्यांवर मातीचा तवा ठेवायचा आणि मक्याच्या भाकऱ्या भाजायच्या. हीच चूल त्यांना आभाळातही दिसते. आपल्या मृग नक्षत्रातल्या बाणाचा पूर्वेकडचा तारा आणि मृगाचे दक्षिणेकडचे दोन पाय, हे ते तीन दगड. या पायांपैकी एक म्हणजे ठळक, निळसर राजन्य. तिन्हींच्या मधल्या जागेत नुसत्या डोळ्यांनाही धुरकट दिसणारा तेजोमेघ आहे. तो या चुलीचा धूर.

या चुलीचं मूळ शोधत गेलं की आपण किरिग्वा या प्राचीन माया नगराशी पोचतो. तिथे इ.स. 775 मध्ये उभारलेल्या एका शिलास्तंभावर चालू सृष्टीच्या पहिल्या दिवसाची हकिगत कोरली आहे. माया कालगणनेतला हा दिवस म्हणजे 4 अहाव 8 कुमकू, आपल्या हिशेबाने इ.स.पू. 3114 चा ऑगस्ट. त्या दिवशी देवांनी तीन दगड मांडले: एक जग्वाराचा, एक सापाचा, एक पाण्याचा. जग सुरू करायचं तर आधी चूल मांडायची, इतका घरगुती आणि इतका भव्य विचार मला दुसऱ्या कुठल्या सृष्टिकथेत आढळलेला नाही.

शिलालेख ताऱ्यांची नावं सांगत नाही. देवांचे दगड आणि किचे लोकांची आभाळातली चूल एकच, हा दुवा माया संस्कृतीची अभ्यासक लिंडा शीली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये ‘माया कॉसमॉस’ या पुस्तकात मांडला. मला तो पटतो, आणि त्याचं कारण आहे कासव. बोनाम्पाक या माया नगरातल्या, आठव्या शतकाच्या अखेरच्या भित्तिचित्रांत एका कासवाच्या पाठीवर तीन तारे रंगवले आहेत. माद्रिदला असलेल्या माया पोथीत आकाशपट्ट्याखाली कासव लोंबतं, त्याच्या पाठीवर तीन दगड आहेत. बोस्टनच्या संग्रहालयातल्या एका थाळीवर तर कासवाची पाठ दुभंगून मक्याचा देव वर येतो आणि दोन्ही बाजूंना त्याचे जुळे मुलगे उभे आहेत. दगड, तारे, कासव आणि मका असे एकमेकांत गुंतलेले असताना निव्वळ योगायोग म्हणणं मला जड जातं.

या मताला विरोधही आहे. युकातानमध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी तयार केलेला जुना मोतुल कोश कासवाचे तारे मृगात नव्हे, तर मिथुन राशीत सांगतो, आणि काही अभ्यासक त्यालाच धरून बसतात. वाद मिटवायला आणखी पोथ्या हव्या होत्या. पण 1562 च्या जुलैत मानी गावी फ्रान्सिस्कन पाद्री दिएगो दे लांदाने माया पोथ्यांची होळी केली. आज उरल्यात त्या फक्त चार. म्हणून चुलीच्या ताऱ्यांबद्दल किचे माणसं आजही जे तोंडी सांगतात, ते मी कोशातल्या नोंदीइतकंच मोलाचं मानतो.