हॅम्लेटची आई आणि आगरकरांची आई

धामणगावहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की बडनेरा, मूर्तिजापूर मागे पडतं आणि अकोला येतं. गोपाळ गणेश आगरकर याच अकोल्यात शिकले. जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, १८५६ सालचा. घरची गरिबी एवढी की शिक्षणासाठी नातेवाइकांच्या आधाराने इतक्या लांब वऱ्हाडात यावं लागलं. इथे त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक भेटले. महाजनी शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणणारे. ‘तारा’ आणि ‘मोहविलसित’ ही त्यांचीच.

पुढे शिष्यानेही शेक्सपिअरला हात घातला, पण तुरुंगात. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या दिवसांत आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचं काम केलं. १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झालं. तेव्हा इंग्लंडात आणि इथेही राज्य व्हिक्टोरिया राणीचं होतं. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशींचा हॅम्लेट गाजला.

या नाटकाच्या मध्यभागी एक कर्ता मुलगा आईच्या खोलीत उभा आहे. वडील जाऊन दोन महिने झाले नाहीत तोच आईने दिराशी लग्न केलंय. मुलगा तिला जाब विचारतो, टोचून बोलतो, तिने पुढे कसं वागावं हेही सांगतो. तिच्या वाट्याला मात्र फारच थोडं बोलणं येतं.

आता १८८३ चा मराठी वाचक डोळ्यांसमोर आणा. विधवा विवाहाचा कायदा आगरकरांच्या जन्माच्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता, पण तो कागदावरच. उच्चवर्णीय घरांत विधवेचं केशवपन होत होतं. अशा समाजात ‘आईने पुन्हा लग्न केलं’ एवढंच ऐकून लोक मुलाच्या बाजूने उभे राहणार. आणि हे नाटक मराठीत आणणारा माणूस तर पुढे ‘सुधारका’तून विधवांची बाजू घेऊन भांडला. यात विसंगती दिसते, पण नीट वाचलं तर ती विरते. हॅम्लेटला घाई खुपते, काका खुपतो. पुढे तो काका बापाचा खुनी निघतो. तरीही आईच्या आयुष्याचा निकाल मुलाने द्यावा, हा हट्ट नाटकात आहेच. समाजात तोच हट्ट बाप, भाऊ, मुलगा सगळे धरत होते. आगरकर पुढे त्याच्याशीच लढले.

स्वतःच्या आईशी ते कसे बोलले? एम.ए.चा अभ्यास चालू असताना त्यांनी आईला पत्र लिहिलं. मुलगा मोठ्या परीक्षा देतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, असं तुला वाटत असेल. पण मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून उरलेला वेळ लोकांच्या कामाला देणार आहे, असा त्याचा आशय.

हे पत्र आपल्याकडे त्यागाचा नमुना म्हणून सांगितलं जातं. मला त्यातला आईचा हिशोब दिसतो. ‘पॅकेज किती?’ हा प्रश्न आमच्या पिढीतल्या इंजिनिअरच्या घरात सगळ्यात आधी येतो. त्याच्यामागे दरवेळी हाव नसते, अनेक वर्षांची ओढाताण असते. आगरकरांच्या निर्णयाची अर्धी किंमत सरस्वतीबाईंच्या खात्यातून जाणार होती.

म्हणूनच ते पत्र मोठं वाटतं. मुलगा निर्णय बदलत नाही, पण आईने उराशी बाळगलेलं स्वप्न आधी स्वतःच्या शब्दांत मांडतो आणि मगच नकार देतो. हॅम्लेट आईला आरसा दाखवतो. आगरकरांनी आधी आईच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहिलं. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी ते गेले. तोवर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले होते, पण आईला लिहिलेला शब्द मोडला नव्हता.