मावा, बाभूळ आणि एक मतदान

मानोऱ्याजवळच्या (जि. वाशीम) एका शेतात विद्यार्थ्यांना पऱ्हाटीच्या पानामागचा मावा आणि धुऱ्यावरची बाभूळ दाखवली व दोघांची शास्त्रीय नावे लिहायला सांगितली. माव्याचे नाव सर्वांचे एकच आले: ॲफिस गॉसिपी. बाभळीची मात्र तीन निघाली: अकेशिया अरेबिका, अकेशिया निलोटिका, वॅचेलिया निलोटिका. "सर, चूक कोणाची?"

माव्याचा इतिहास सोपा. १८७७ साली अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ टाउनेंड ग्लोव्हर यांनी त्याला नाव दिले. हा कीटक शेकडो वनस्पतींवर जगतो. त्यामुळे पुढे भोपळवर्गीय वेलींवरून 'कुकर्बिटी', कलिंगडावरून 'सिट्रुली' अशी नवी नावेही पडली. सारे एकच आहेत हे कळल्यावर त्यांतले जुने, म्हणजे ग्लोव्हर यांचे नाव राहिले. जुन्याला मान, हाच नियम.

बाभळीच्या बाबतीत हा नियम एका मर्यादेपर्यंतच चालला. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'मिमोसा निलोटिका' म्हटले. १७५४ मध्ये फिलिप मिलर यांनी 'अकेशिया' ही प्रजाती मांडली. हा मूळचा ग्रीक शब्द इजिप्तच्या काटेरी झाडाचा, म्हणजे बाभळीचाच. प्रजातीचा नमुनाही तीच ठरली. 'अरेबिका' आणि 'निलोटिका' एकच निघाल्यावर जुने 'निलोटिका' टिकले. इथवर सगळे नियमाने झाले.

पुढे अकेशियात हजाराहून अधिक जाती जमा झाल्या, त्यांतल्या बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या. हे सारे एका कुळीचे नाहीत हे स्पष्ट झाल्यावर वाटणी अटळ होती. नाव नमुन्याबरोबर राहायचे, म्हणजे बाभळीकडे. पण मग ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून नमुनाच बदलून तिथले एक झाड घ्यावे, असा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झाले. प्रस्ताव फेटाळायला ६० टक्के मते हवी होती. विरोधात सुमारे ५५ टक्केच पडली. बहुमत विरोधात असूनही प्रस्ताव तरला! २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. मला हे आजही खटकते, पण हजार नावे बदलण्याची अडचणही खोटी नव्हती.

बाभळीसाठी १८३४ चे 'वॅचेलिया' वापरात आले. मद्रासेत काम केलेल्या रॉबर्ट वाइट यांनी आर्नॉट यांच्यासह ते दिले होते, चीनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या व्हॅचेल नावाच्या पाद्र्यावरून. खैरही आता 'सेनेगालिया' झाला आहे.

तेव्हा उत्तरपत्रिकेत 'अकेशिया निलोटिका' दिसले तर गुण कापू नयेत. शेजारी नवे नाव लिहून द्यावे. आणि वनीकरणात लावलेली परदेशी ऑस्ट्रेलियन बाभूळ? ती मात्र अजून अकेशियाच आहे.