थंडीत एसीला झाकायचं कशाला?

आजचा भाग छोटा आहे. सुरुवात होते आमच्या पेणच्या घराच्या मागच्या भिंतीपासून.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी घरातला पहिला एसी घेतला, रिटायरमेंटच्या पैशातून. दिवाळीनंतर एसी बंद झाला आणि बाबांनी बाहेरचं युनिट प्लास्टिकच्या ताडपत्रीत गच्च बांधून टाकलं. मीही फोनवर म्हणालो, ‘बरोबर केलंत बाबा.’ कारण मी तसे अमेरिकन व्हिडिओ बघितले होते!

मार्चमध्ये एसी लावला, तर गार हवाच येईना. माझा रोह्याचा मामा धाटावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. त्याने येऊन ताडपत्री सोडली. आत उंदराचं घर, कुरतडलेली वायर, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी. कॉइल गळून गॅस गेलेला. बाबा काहीच बोलले नाहीत. जपायचं म्हणूनच तर झाकलं होतं त्यांनी.

आता थोडा इतिहास. गारवा झाकून टिकवायचा, ही सवय जुनी आहे. 1833 मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज बोस्टनहून बर्फ भरून कलकत्त्याला आलं. चार महिन्यांचा प्रवास, तरी बराचसा बर्फ शाबूत! का? तर बाहेरची उष्णता आत शिरू दिली नव्हती. पुढे मुंबईतही असा बर्फ उतरू लागला, त्यासाठी बर्फघर झालं.

मग 1902 मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं. दमट हवेने तिथला कागद फुगायचा, रंग जागेवर बसायचे नाहीत. म्हणजे खरं दुखणं दमटपणाचं होतं. भर पावसाळ्यात गणपतीच्या मूर्ती सुकवणाऱ्या पेणकरांना हे वेगळं सांगायला नको!

फरक इथेच आहे बघा. बर्फ टिकवताना उष्णता बाहेर अडवायची असते. एसी मात्र घरातली उष्णता बाहेर नेऊन टाकतो, त्यामुळे बाहेरच्या युनिटला मोकळी हवा लागते. अमेरिकेत त्याच्यावर हिमवर्षाव होतो, म्हणून लोक माथा झाकतात. आमच्या खारेपाटात बर्फ कुठला? इथे धरमतर खाडीकडून खारा वारा येतो. मीठ पट्ट्यांवर बसतं, दवाने ओलं होतं आणि तांबं-ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे धातू खात सुटतं. आमच्या ताडपत्रीने ती ओल आतच कोंडून ठेवली.

मामाचा सल्ला साधा होता. आधी मेन स्विच बंद. मग गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने मीठ धुवायचं, पट्ट्या वाकवायच्या नाहीत. पालापाचोळा काढायचा, वायरींवर नजर ठेवायची. झाकायचंच असेल तर फक्त वरून, चारही बाजू मोकळ्या.

या डिसेंबरात मी घरी गेलो, तेव्हा बाबा सकाळच्या उन्हात पाइप धरून युनिट धूत होते. ताडपत्री चुलीच्या लाकडांवर गेली होती.

आज तुमच्याही घरामागे एक चक्कर मारा. भेटू पुढच्या भागात!