तार पोहोचण्याआधी

हुपरीत पैंजणाचा सांधा झाळायचा असेल, तर पैंजण कारागिराच्या ज्योतीपाशी येतं. गॅसच्या पाइपलाइनचं उलटं असतं. साधारण 12 मीटर लांबीचा अवजड पाइप रानात चरीच्या कडेला पडलेला असतो आणि त्याला जोडणारी आग त्याच्यापर्यंत न्यावी लागते. ही आग विजेची, आणि तिथे वीजच नसते.

दाभोळ–बेंगळुरू ही गेलची वायुवाहिनी 2013 साली सुरू झाली. सुमारे 1,000 किलोमीटरची ही वाहिनी कोकणातून निघून कोल्हापूर जिल्ह्यामार्गे कर्नाटकाकडे जाते. एका किलोमीटरला 80हून जास्त सांधे धरा आणि हिशेब करा. एका जागच्या कामाला तात्पुरता मीटर मिळू शकतो. पण वेल्डरांची तुकडी रोज पुढे सरकत असते. म्हणून अशा कामांवर डिझेलचे वेल्डिंग संच तुकडीबरोबर फिरतात. पाइप आधी तापवायचा, मग सांध्याचा पहिला, सगळ्यात आतला थर भरायचा. तो अर्धवट असताना वीज गेली आणि सांधा थंड पडला, तर तडा जायची भीती. मग कापा आणि पुन्हा जोडा.

समुद्रात तर तारेचा प्रश्नच नव्हता. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हायला, ‘सागर सम्राट’ने फेब्रुवारी 1974मध्ये तेल शोधलं, मे 1976मध्ये उत्पादन सुरू झालं. तेल निघण्याआधी तेल जाळूनच तिथलं काम चाललं. तेल-वायूच्या प्रत्येक प्रकल्पाचा आरंभ थोड्याफार फरकाने असाच आहे.

कामापर्यंत शक्ती नेण्याची ही रीत आपल्या भागाला मात्र नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी राहिली. एकीकडे इंजिन, दुसरीकडे विजेची यंत्रं. कोल्हापूरच्या फाउंड्र्याही ऊस आणि ऑइल इंजिनांच्या आधारानेच वाढल्या. खांब गावात यायच्या आधी विहिरीवर इंजिन आलं होतं. पट्टा चढवला की पंप फिरायचा आणि पाणी उसाला जायचं.

1960 साली राज्य वीज मंडळ स्थापन झालं, हळूहळू तारा शिवारात पोहोचल्या आणि विहिरीवरची भकभक थांबत गेली. इंजिन मात्र संपलं नाही. पंपाच्या जागी त्याला अल्टरनेटर जोडला की झाला जनरेटर. चार ध्रुवांचा अल्टरनेटर मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरवा, 50 हर्ट्‌झची वीज मिळते, अगदी घरच्या सॉकेटमध्ये असते तशी. आज हुपरीपासून काही किलोमीटरवर, कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. शेतकऱ्याच्या विहिरीपासून निघालेली वाट अशी हुपरीच्या शेजारी येऊन पोहोचली.

या तात्पुरत्या विजेची किंमतही आहे. धूर आणि आवाज आधी वेल्डरच्या, हेल्परच्या वाट्याला येतात, मग रानाशेजारच्या घरांच्या. 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरच्या आवाजावर 2005पासून मर्यादा आली: कवचापासून एक मीटरवर 75 डेसिबल. 1 जुलै 2023पासून धुराचे निकषही बरेच कडक झाले. हे नियम नव्या यंत्रांसाठी. जुनी यंत्रं भाड्याने फिरतच असतात. त्यामुळे कोणता संच आणला जातो, यावर त्याच्याशेजारी बारा तास उभं राहणाऱ्या माणसाची फुप्फुसं अवलंबून असतात.

प्रकल्पाचं उद्घाटन होतं तेव्हा कोनशिलेवर मंत्र्यांची नावं असतात. जनरेटर तोवर ट्रकवर चढून पुढच्या साइटला गेलेला असतो. चर बुजते, वर पुन्हा पीक डोलतं. डिझेलपेक्षा स्वच्छ जळणारा वायू खालून वाहतो. त्याचा प्रत्येक सांधा डिझेलवर जोडला गेला, हे वरून जाणाऱ्याला कळायचं काही कारण नाही.