ऐंशी पराभव आणि एक बँड

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, आणि पायापेक्षा हातानेच जास्त खेळला जाणारा. अंगावर चिलखतासारखा जामानिमा, डोक्यावर हेल्मेट, अकरा विरुद्ध अकरा. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचले की सहा गुण. श्रोतेहो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे, कारण ही हकिगत खेळाची कमी आणि इतिहासाची जास्त आहे.

टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या वायव्येला, प्रेअरी व्ह्यू नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या ज्या जमिनीवर आज विद्यापीठ उभे आहे, तो एके काळी गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता. टेक्सासमधल्या गुलामांना आपण मुक्त झाल्याची वार्ता १९ जून १८६५ रोजी मिळाली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७६ साली, राज्याच्या विधिमंडळाने त्याच मळ्यावर कृष्णवर्णीय मुलांसाठी कॉलेज काढायला मंजुरी दिली. १८७८ मध्ये ते सुरू झाले तेव्हा विद्यार्थी होते आठ. आपल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला तो १८७३ साली, म्हणजे याच काळात. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्यांची आठवण ठेवली, त्यांचीच मुलेबाळे इकडे पाटी-पेन्सिल हाती घेत होती.

गोऱ्यांच्या कॉलेजांत या मुलांना प्रवेश नव्हता, त्यांच्या मैदानावर तर नव्हताच. त्यामुळे टेक्सासमधले कितीतरी गुणी कृष्णवर्णीय खेळाडू प्रेअरी व्ह्यूसारख्या कॉलेजांतच यायचे. बिली निक्स नावाचे प्रशिक्षक तिथे होते. त्यांच्या हाताखाली या संघाने १९५३ ते १९६४ या काळात कृष्णवर्णीय कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा पटकावले. ओटिस टेलर, केन ह्यूस्टन हे पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेले खेळाडू इथलेच.

मग दार उघडले. १९६६ च्या हंगामात टेक्सासमधल्या मोठ्या, गोऱ्यांच्या विद्यापीठांच्या संघांत पहिले कृष्णवर्णीय खेळाडू उतरले. न्याय झाला, उशिरा झाला, पण झाला. ज्यांच्याकडे पैसा, मोठी मैदाने आणि टीव्हीचे कॅमेरे होते, त्यांनी हळूहळू उत्तमोत्तम मुले उचलली. त्यात त्या मुलांचा काय दोष? कोणता बाप आपल्या मुलाला सांगेल की मोठ्या कॉलेजात जाऊ नकोस, आपले जुने मैदान ओस पडेल? पण मैदान ओस पडले, हेही खरेच. भिंत पडल्याचा आनंद सगळ्यांनी साजरा केला; त्या भिंतीच्या सावलीत जे उभे राहिले होते, त्याचे काय होणार, हे फार थोड्यांनी विचारले.

त्यात पैशांच्या कारभाराचा गोंधळ झाला. १९९० साली फुटबॉलचा अख्खा हंगाम रद्द करावा लागला. १९९१ मध्ये संघ पुन्हा मैदानात उतरला तो खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांविना. समोरच्या संघांकडे शिष्यवृत्तीवर आणलेले, घासूनपुसून तयार केलेले गडी. यांच्याकडे खेळाची हौस असलेली मुले. त्या हंगामात अकरा सामने झाले आणि अकराही हरले. साऱ्या हंगामात मिळून या संघाने ४८ गुण केले. प्रतिस्पर्ध्यांनी दर सामन्याला सरासरी ५६ केले. म्हणजे यांची वर्षभराची कमाई समोरच्यांच्या एका दुपारच्या कमाईइतकीही नव्हती.

हा प्रकार १९९७ पर्यंत चालला. सलग सात हंगाम, एकही विजय नाही. कोलंबिया विद्यापीठाचा सलग ४४ पराभवांचा आणि मिनेसोटातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजचा ५० पराभवांचा विक्रम मागे पडला. मॅकॅलेस्टर म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान जिथे शिकले ते कॉलेज. तिथल्या पदवीधरांना मिरवायला दुसरे काहीतरी होते. प्रेअरी व्ह्यूचे नाव मात्र देशभर थट्टेचा विषय झाले.

तरीही लोक सामन्यांना येत, मुख्यतः बँड ऐकायला. कृष्णवर्णीय कॉलेजांत मध्यंतरातला बँड हा सामन्याइतकाच मानाचा. शेकडो मुले पितळी वाद्ये घेऊन, पावले उचलत, नाचत मैदान व्यापून टाकतात. आमच्या कविसंमेलनांतही काही मंडळी केवळ चहाच्या वेळेला हजर होतात, पण ती गोष्ट वेगळी! मला नवल वाटते ते त्या खेळाडूंचे. मध्यंतरात टाळ्या दुसऱ्यांना पडलेल्या ऐकायच्या आणि उरलेला अर्धा सामना अर्ध्या रिकाम्या मैदानात हरायचा. ना शिष्यवृत्ती, ना व्यावसायिक संघात जाण्याची आशा. तरी दरवर्षी संघ भरत होता.

२६ सप्टेंबर १९९८. सलग ८० सामने हरल्यानंतर प्रेअरी व्ह्यूचा संघ ओक्लाहोमा सिटीत लँग्स्टन विद्यापीठाशी खेळला. लँग्स्टन हेही कृष्णवर्णीयांचेच विद्यापीठ, यांच्याहूनही लहान. प्रेअरी व्ह्यू जिंकले, १४ विरुद्ध १२. ऑक्टोबर १९८९ नंतरचा हा पहिला विजय. त्या मुलांपैकी बहुतेकजण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील.

हाच संघ पुढे २००७ मध्ये हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकला, १९७६ नंतर प्रथमच. आणि २००९ मध्ये १९६४ नंतरचे पहिले विभागीय विजेतेपदही त्याने मिळवले. पण मन रेंगाळते ते त्या १४-१२ पाशी. कारण त्याच्या आदल्या शनिवारी सदर्न विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात दोन्ही बँडवाल्यांची हातघाई झाली होती. भांडण असे पेटले की दोन्ही बँडना दोन सामन्यांची बंदी घातली गेली. त्यामुळे नऊ वर्षे हरणाऱ्या संघासाठी वाजवणारा बँड, संघ जिंकला त्या दिवशी मैदानावर नव्हता.