संतांनाही क्षमा कां मागावी लागते?



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत धर्मगुरूनें एक इतिहासपर लेख लिहावा, अशी समितीची इच्छा आहे. देवळाचा पाया, घंटा, वेदी यांचा वृत्तान्त माझ्याहून अधिक जाणणाऱ्या वडील मंडळींनीं दिलाच आहे. म्हणून मी दूरच्या काळांतली एक हकीगत घेतों; तिच्यांतला प्रश्न मात्र जवळचा आहे. कुमसारास येणारा कोणी म्हणतो, "फादर, सांगण्यासारखें पाप माझ्या हातून घडलेंच नाहीं." दुसरा म्हणतो, "गेल्या खेपेस सांगितलें तेंच पुन्हां सांगावयाचें, मग सांगून उपयोग काय?" (येथें कोणाचें गुपित फुटत नाहीं, असें म्हणणारे प्रत्येक धर्मग्रामांत असतात.) पहिल्याचें बोलणें ऐकून मला काळजी वाटते, दुसऱ्याचें ऐकून वाईट वाटतें. दोघांच्याही मुळाशीं एकच शंका आहे. बाप्तिस्मा झालेल्या मनुष्याला या जन्मीं पापावांचून जगतां येतें काय?

हाच प्रश्न इ. स. च्या पांचव्या शतकाच्या आरंभीं सर्व ख्रिस्ती जगांत गाजला. तो उपस्थित करणारा पेलागियस हा ब्रिटन देशांतून रोमला आलेला एक तपस्वी होता. पुढें तो पाखंडी ठरला, म्हणून आपण त्याला दुराचारी समजूं नये. त्याचें आचरण शुद्ध होतें, आणि त्याचे प्रतिपक्षी संत ऑगस्टीन यांनींही वादाच्या प्रारंभीं त्याचा उल्लेख आदरानेंच केला आहे. रोममध्यें त्या वेळीं ख्रिस्ती होणें प्रतिष्ठेचें झालें होतें, नांवाचे ख्रिस्ती पुष्कळ होते, आणि "मनुष्यस्वभाव दुर्बळ, त्याला आम्ही काय करणार?" ही सबब त्यांच्या तोंडीं असे. पेलागियसला या सबबीचा संताप येई. त्याचा संताप मला तरी खोटा वाटत नाहीं. तीच सबब मीही ऐकतों, आणि कधीं कधीं स्वतःशीं देतोंही.

संत ऑगस्टीन यांनीं आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथांत देवाला विनविलें आहे कीं, तूं जी आज्ञा करशील ती पाळण्याचें बळही तूंच दे. एका बिशपांनीं हे शब्द उच्चारतांच पेलागियस रागावला, असें ऑगस्टीनच सांगतात. त्याला वाटलें, सगळें देवानेंच द्यावयाचें तर मनुष्यानें हातपाय कशाला हालवावे?

410 सालीं अलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें. अनेकांबरोबर पेलागियसही आफ्रिकेच्या किनाऱ्यास आला व तेथून पॅलेस्टाइनला गेला. त्याचा शिष्य सेलेस्टियस कार्थेज येथें राहिला आणि तेथील धर्मगुरूंनीं त्याला दोषी ठरविलें. थोड्याच वर्षांत देमेत्रियास नांवाच्या एका थोर कुळांतील कुमारिकेनें विवाह नाकारून देवाला आयुष्य वाहिलें, तेव्हां पेलागियसनें तिला एक दीर्घ पत्र धाडलें. देव न्यायी आहे, तो अशक्य आज्ञा करणार नाहीं. तेव्हां आज्ञा आहे त्या अर्थी ती पाळण्याची शक्ति आपल्या ठायीं आहेच, असा त्या पत्राचा आशय होता. ऐकावयास हें किती गोड लागतें! परंतु यांतून देवकृपेचा अर्थ पातळ होत गेला. नियमशास्त्र मिळालें, ख्रिस्ताचा कित्ता मिळाला, मागील पापांची क्षमा मिळाली. आतां पुढची वाट आपली आपण चालावयाची. आजारी इच्छेला आंतून बरें करणारी कृपा या हिशेबांत उरलीच नाहीं.

415 सालीं पॅलेस्टाइनमधील दिओस्पोलिस, म्हणजे पूर्वीचें लिद्दा, येथें 14 बिशपांपुढें पेलागियसची चौकशी झाली. मनुष्य पापावांचून राहूं शकतो असें तूं म्हणतोस काय, असें विचारतां त्यानें उत्तर दिलें कीं, स्वतःच्या श्रमानें व देवाच्या कृपेनें तें शक्य आहे. परंतु बालपणापासून म्हातारपणापर्यंत ज्यानें कधींच पाप केलें नाहीं असा कोणी सांपडतो, असें माझें म्हणणें नाहीं. बिशपांचें समाधान झालें व तो सुटला. आफ्रिकेंतील बिशपांचें मात्र समाधान झालें नाहीं. "कृपा" या शब्दानें त्याला काय म्हणावयाचें आहे, हेंच त्यांना जाणून घ्यावयाचें होतें.

मध्यंतरींच्या पत्रव्यवहारांत मी शिरत नाहीं. 417 सालीं पोप पहिले इनोसंट यांनीं पेलागियसचें मत त्याज्य ठरविलें; त्यांच्या मागून आलेले पोप झोझिमस प्रथम घुटमळले, पण पुढें त्यांनींही तोच निर्णय कायम केला. येथें महत्त्वाची आहे ती 1 मे 418 रोजीं कार्थेज येथें भरलेली परिषद. तींत दोनशेंहून अधिक बिशप जमले होते, आणि त्यांनीं जो पुरावा पुढें आणला तो कोणा पंडिताच्या ग्रंथांतला नव्हता. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण अपराधांची क्षमा मागतों, ती विनंतीच त्यांचा पुरावा होती.

आफ्रिकेंतील देवळांत ही विनंती म्हणतांना लोक छाती बडवीत, आणि वेदीपाशीं उभे असलेले बिशपही त्यांच्याबरोबर तसेंच करीत, असें ऑगस्टीन आपल्या एका प्रवचनांत सांगतात. आतां कोणी म्हणूं लागले होते कीं, संत ही विनंती स्वतःसाठीं नव्हे, तर इतर पापी लोकांसाठीं करतात. किंवा केवळ नम्रता म्हणून करतात, खरोखर त्यांना तिची गरज नसते. कार्थेजच्या परिषदेनें या दोन्ही मतांना शाप दिला. याचें कारण सरळ होतें. तोंडानें क्षमा मागावयाची आणि मनांत म्हणावयाचें कीं मला क्षमेची जरुरी नाहीं, म्हणजे प्रार्थना करीत असतां प्रत्यक्ष देवाशींच खोटें बोलणें होय.

मग संत आणि आपण सारखेच काय? मुळींच नाहीं. ऑगस्टीन दोन शब्दांत भेद करतात. ज्यानें जीव देवापासून तुटतो असा घोर अपराध एक, आणि रोजच्या जगण्यांत धुळीप्रमाणें चिकटणारें लहान पाप दुसरें. बिशप होणाऱ्यानें निर्दोष असावें असें प्रेषित पौल लिहितो, तेथें घोर अपराधावांचून असावें असाच अर्थ घ्यावा, असें ते म्हणतात. कारण पापच नसलेला मनुष्य हवा असें ठरलें तर कोणालाच दीक्षा देतां येणार नाहीं. आम्हां धर्मगुरूंना हें वाक्य वाचून हंसूं येतें, आणि मग येईनासें होतें. पवित्र मरियेविषयीं मात्र, प्रभूच्या सन्मानास्तव, पापाचा प्रश्नच काढूं नये असें त्यांनीं 415 च्या सुमारास लिहून ठेविलें.

पुढें 13 जानेवारी 1547 रोजीं ट्रेंटच्या परिषदेनें ही दोन्ही टोकें एकत्र बांधलीं. कृपेंत असलेल्या मनुष्याला देवाच्या आज्ञा पाळणें अशक्य आहे, असें म्हणणारा चुकला. आणि पवित्र मरियेला लाभलेल्या खास वरदानावांचून सबंध जन्मभर लघुपापेंही टाळतां येतात, असें म्हणणाराही चुकला. दुर्बळतेची सबब सांगणाऱ्या रोमकरांना पहिल्या वाक्यांत उत्तर मिळालें, पेलागियसला दुसऱ्यांत. महापाप टाळणें देवकृपेनें शक्य आहे, म्हणूनच त्याबद्दल आपणांस जाब द्यावा लागेल. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया व्यापार सोडून फ्रान्सिस्कन बंधु झाले, 1597 सालीं नागासाकी येथें त्यांनीं क्रुसावर प्राण दिला, आणि 1862 सालीं त्यांना संतपद मिळालें. तेही रोज हीच प्रार्थना म्हणत, आणि क्षमेच्या विनंतीपाशीं येतांच ती गाळून पुढें जाण्याची मुभा त्यांना नव्हती.

आतां ऑगस्टीन यांच्या शेवटाविषयीं थोडें लिहून थांबतों. 430 सालीं वांडाल लोकांनीं त्यांच्या हिप्पो शहरास वेढा घातला होता, आणि वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत ते तापानें अंथरुणास खिळले. जवळजवळ चाळीस वर्षें त्यांच्या सहवासांत असलेले बिशप पोस्सीदियस यांनीं तो प्रसंग लिहून ठेविला आहे. बाप्तिस्म्यानंतर कितीही चांगलें वागलेल्या ख्रिस्ती माणसानें व धर्मगुरूनेंही यथायोग्य पश्चात्ताप केल्यावांचून देह ठेवूं नये, असें ऑगस्टीन नेहमीं म्हणत. त्याप्रमाणें त्यांनीं दाविदाचीं पश्चात्तापपर स्तोत्रें लिहवून घेतलीं व तीं पानें बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावविलीं. मरणापूर्वीं सुमारें दहा दिवस त्यांनीं सांगून ठेविलें कीं, वैद्य येतील किंवा जेवण आणतील तेवढ्या वेळेखेरीज कोणीं आंत येऊं नये. 28 ऑगस्टपर्यंत ते तसेच पडून, भिंतीवरचीं तीं पानें पुन्हां पुन्हां वाचीत व रडत होते.